ओव्हरराइट झालेली फाइल परत आणणारी साधनं: कुणावर किती विसंबावं

डिलीट झालेली फाइल आणि ओव्हरराइट झालेली फाइल ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. डिलीट केलेली फाइल निदान रिसायकल बिनमध्ये तरी जाते. ओव्हरराइट झालेली फाइल कुठेच जात नाही. नाव तेच राहतं, फोल्डर तोच राहतो, फक्त आतला मजकूर बदललेला असतो. म्हणूनच ‘डेटा रिकव्हरी’ म्हणून मिळणारी साधनं या दुसऱ्या दुखण्यावर फार तोकडी पडतात. उलट ज्यांना कुणी रिकव्हरीचं साधन म्हणत नाही अशा दोन-तीन साध्या सेटिंग्ज गेलेला मजकूर अर्ध्या मिनिटात हातात देतात, फक्त त्या आधीपासून चालू असाव्या लागतात. या परीक्षणात विंडोज, मॅक, ऑफिस आणि क्लाउड यांच्यातली नेहमीची साधनं एकाच कसोटीवर घासून पाहिली आहेत. ‘सेव्ह’ दाबून फाइल बंद केल्यानंतर आधीच्या मजकुराच्या किती पिढ्या शिल्लक राहतात, त्या किती मागे जातात, आणि त्या राखण्यासाठी माणसाला काही लक्षात ठेवावं लागतं का, ही ती कसोटी.

आधी डिस्कवर काय घडतं ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

‘सेव्ह’ म्हटल्यावर सगळे प्रोग्रॅम एकच काम करत नाहीत. वर्ड मूळ फाइलवर थेट लिहीत नाही. तो त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल बनवतो, नवा मजकूर तिच्यात उतरवतो, मग जुनी फाइल डिलीट करतो आणि तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देतो. एक्सेलचीही हीच रीत. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये कधीकधी आठ अक्षर-अंकांच्या नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल पडलेली दिसते ती याच कामात मध्येच अडकलेली तात्पुरती फाइल. ती डिलीट करण्याआधी तिची प्रत काढून एक्सेलमध्ये उघडून पाहावी. या पद्धतीमुळे वर्ड-एक्सेलचा जुना मजकूर डिस्कच्या दृष्टीने ‘डिलीट झालेली फाइल’ ठरतो आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथे पडून राहू शकतो. साधे टेक्स्ट एडिटर मात्र बहुधा त्याच फाइलवर वरून लिहितात, आणि एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल टाकताना ‘रिप्लेस’ म्हटलं की तिथेही जुनी फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. इथे जुन्या मजकुराच्या जागीच नवा मजकूर बसण्याची शक्यता दांडगी असते. एकदा असं झालं की विषय संपला. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेच्या डेटा पुसण्याविषयीच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेच्या २०१४ च्या आवृत्तीतही म्हटलं आहे की चुंबकीय डिस्कवर एकदा वरून लिहिलं तरी प्रयोगशाळेतल्या अद्ययावत तंत्रानेसुद्धा जुना डेटा मिळणं सहसा शक्य नसतं. ‘सात थर खालचा डेटाही काढून देतो’ असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कची. हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल तशीच पडून राहते, पण एसएसडीला ऑपरेटिंग सिस्टिम ‘ट्रिम’ नावाची आज्ञा पाठवते: या जागेची आता गरज नाही, मोकळी कर. विंडोजमध्ये ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. ट्रिम झालेली जागा वाचायला गेलं की बहुतेक एसएसडी नुसती शून्यं देतात. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडीच असते, त्यामुळे वर्डच्या जुन्या मजकुराची जी काही आशा हार्ड डिस्कवर होती ती इथे उरत नाही. यूएसबी पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर सहसा ट्रिम चालत नाही, तिथे थोडी आशा ठेवायला हरकत नाही.

पहिली दहा मिनिटं

फाइल अजून उघडी असेल तर ती बंद करू नका. वर्ड आणि एक्सेल दोन्हींत सेव्ह केल्यानंतरही कंट्रोल-झेड चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. हवा तो मजकूर दिसेपर्यंत मागे जा, आणि मग ‘सेव्ह’ नव्हे तर ‘सेव्ह ॲज’ वापरून नवं नाव द्या. एक्सेलमध्ये मागे जाण्याच्या पायऱ्या १०० पर्यंतच असतात, आणि मध्ये एखादा मॅक्रो चालला असेल तर बहुधा ती सगळी यादी पुसली गेलेली असते. खिडकी बंद केली की दोन्हीकडे ही वाट संपते.

फाइल बंद झाली असेल तर ती ‘बघू जरा’ म्हणून पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह करू नका. नवं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, ब्राउझरही उघडा ठेवू नका. ब्राउझर सतत डिस्कवर काही ना काही लिहीत असतो. आणि दुसरीकडे कुठे प्रत गेली आहे का हे डोकं शांत ठेवून आठवा: पाठवलेला ई-मेल, फोनवरून पाठवलेली ॲटॅचमेंट, छापण्याआधी काढलेली पीडीएफ. पीडीएफ वर्डमध्ये उघडून मजकूर काढता येतो, मांडणी विस्कटते एवढंच.

आणखी एक वाट आहे, ती फार थोडा वेळ उघडी असते. फाइल दोन कॉम्प्युटरवर सिंक होत असेल, म्हणजे एकीकडचा बदल आपोआप दुसरीकडे पोचत असेल, आणि दुसरा कॉम्प्युटर त्या वेळी बंद असेल, तर तो चालू करण्याआधी त्याचं इंटरनेट तोडा. राउटर बंद करा किंवा केबल काढा. त्या मशीनवर जुनी फाइल अजून शाबूत असते. ती सिंक फोल्डरच्या बाहेर कॉपी करा आणि मगच इंटरनेट जोडा.

रिकव्हरी सॉफ्टवेअर: शेवटचा उपाय, पहिला नव्हे

फोटोरेक हे क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर, टेस्टडिस्कसोबत मिळतं. ते फाइलींच्या नावांकडे पाहतच नाही. डिस्कवरचे तुकडे वाचत जातं आणि फाइलीच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून ‘ही वर्डची’, ‘ही पीडीएफ’ असं ओळखतं. ४८० हून अधिक प्रकारची एक्स्टेन्शन्स ते ओळखतं आणि मूळ डिस्कवर स्वतःहून काहीही लिहीत नाही, हा त्याचा मोठा गुण. हार्ड डिस्कवरची किंवा पेन ड्राइव्हवरची वर्ड फाइल गेली असेल तर सुरुवात इथून करावी.

पद्धत अशी. शक्य असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा. फोटोरेक त्या दुसऱ्या मशीनवरून चालवा. फाइल प्रकारांच्या यादीत आधी सगळ्या खुणा काढा आणि मग हवे तेवढेच ठेवा. २००७ नंतरच्या वर्ड-एक्सेल फाइली आतून झिप असतात, म्हणून त्या ‘झिप’ या प्रकारात येतात. त्याआधीच्या जुन्या फाइली ‘डॉक’मध्ये. ही गोष्ट न कळल्याने ‘डॉक’ तेवढं निवडून तासभर थांबणारे आणि हात हलवत परतणारे बरेच. पुढे शोधायची जागा विचारली की ‘फ्री’ निवडा, म्हणजे फक्त मोकळी जागा तपासली जाते. ‘होल’ निवडलं तर चालू फाइलींच्याही हजारो प्रती बाहेर पडतील. निकाल साठवायचा फोल्डर दुसऱ्याच डिस्कवर हवा.

निकालात मूळ नावं नसतात. अंकांच्या नावाच्या फाइलींचा ढीग मिळतो. त्यातून आपली शोधायला एकच सोपी युक्ती: गेलेल्या फाइलीचा अंदाजे आकार आठवा, ढीग आकाराप्रमाणे लावा आणि त्या आसपासच्या फाइली उघडा. फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असेल तर फोटोरेकला ती जुळवता येत नाही. तुटक झिप मिळते आणि वर्ड ‘फाइल खराब आहे’ म्हणतं. अशा वेळी वर्डच्या ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणात ‘ओपन अँड रिपेअर’ आहे, ते एकदा करून पाहावं.

रेकुव्हा दिसायला सोपं, नावं दाखवतं आणि प्रत्येक फाइलीपुढे हिरवा, नारिंगी, लाल ठिपका देतं. पण हिरवा ठिपका फक्त एवढंच सांगतो की त्या फाइलीची जागा सध्या दुसऱ्या फाइलीला दिलेली नाही. एसएसडीवर हिरवा ठिपका असलेली फाइल परत आणावी आणि आत नुसती शून्यं निघावीत, असं होऊ शकतं. लाल ठिपक्याच्या फाइलीपुढे कोणत्या फाइलीने तिची जागा घेतली तेही लिहिलेलं असतं. ते वाचलं की पुढे वेळ घालवायचा की नाही हे कळतं. ही माहिती प्रामाणिक आहे आणि कामाची आहे.

मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी हे २०२० साली आलेलं साधन कमांड लिहून चालवावं लागतं. विंडोज १० ची २००४ क्रमांकाची किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. मूळ आणि निकालाची डिस्क वेगळी हवी, नाहीतर ते चालूच होत नाही, आणि हा आग्रह अगदी योग्य आहे. ‘रेग्युलर’ मोड नुकत्याच गेलेल्या फाइलीसाठी, ‘एक्स्टेन्सिव्ह’ बऱ्याच काळापूर्वी गेलेल्या किंवा फॉरमॅट झालेल्या डिस्कसाठी. फोल्डर आणि एक्स्टेन्शन नेमकं देता येतं, ही त्याची जमेची बाजू.

तिन्हींवरचं मत एकच: डिलीट झालेल्या फाइलीसाठी चांगली, ओव्हरराइट झालेल्या फाइलीसाठी नशिबाचा भाग. एसएसडी असेल तर त्यांच्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा खालची ठिकाणं आधी तपासा.

वर्ड आणि एक्सेलच्या आतलं

ऑटोरिकव्हरवर लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा तो या कामाचा नाही. तो मुळात प्रोग्रॅम कोसळला किंवा वीज गेली तर उपयोगी पडावा म्हणून आहे. दर १० मिनिटांनी तो एक प्रत बाजूला ठेवतो खरी, पण तुम्ही व्यवस्थित सेव्ह केलं किंवा फाइल बंद केली की ती प्रत पुसून टाकतो. त्याच्या लेखी काम सुखरूप पार पडलेलं असतं. चुकीचा मजकूर तुम्ही स्वतः सेव्ह केला हे त्याला कळायचा मार्ग नाही. सेव्ह न करता बंद केलेल्या नव्या फाइलीसाठी मात्र तो खरंच कामाचा आहे: ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’, ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. तिथली फाइल ४ दिवस राहते, मग जाते.

याच्या शेजारी, मेन्यूत खोलवर, एक जुनी आणि फारच थोड्यांनी चालू केलेली सोय आहे. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ इथे जा, खाली ‘सेव्ह’ या भागापर्यंत सरका आणि ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’वर खूण करा. त्यानंतर प्रत्येक सेव्हच्या वेळी वर्ड आधीची फाइल फेकून देण्याऐवजी ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, एक्स्टेन्शन डब्ल्यू-बी-के. एकदा खूण केली की वर्डच्या सगळ्या फाइलींना लागू. एक्सेलमध्ये ही सोय प्रत्येक फाइलीला वेगळी चालू करावी लागते: ‘सेव्ह ॲज’च्या चौकटीत ‘सेव्ह’ बटणाशेजारी ‘टूल्स’, त्यात ‘जनरल ऑप्शन्स’, त्यात ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप’. तिथली प्रत एक्स-एल-के एक्स्टेन्शनची. पॉवरपॉइंटमध्ये अशी सोय नाही.

ही प्रत कशी वागते ते एका उदाहरणाने नीट पाहा, कारण चूक इथेच होते. ४० पानांचा अहवाल उघडा आहे. कंट्रोल-ए दाबलं जातं, पुढचं बटण चुकून एखाद्या अक्षराचं, सगळं पान कोरं, आणि हात सवयीने कंट्रोल-एस दाबून फाइल बंद करतो. या क्षणी मूळ नावाच्या फाइलीत एक अक्षर आहे आणि ‘बॅकअप ऑफ’ फाइलीत ४० पानं आहेत. सगळं सुखरूप आहे. आता घाबरून तुम्ही मूळ फाइल उघडता, एक ओळ टाइप करून पाहता, पुन्हा सेव्ह करता. आता मूळ फाइलीत एक ओळ, आणि ‘बॅकअप ऑफ’ फाइलीत एक अक्षर. ४० पानं गेली. ही सोय एकच पिढी राखते, आणि दुसरं सेव्ह त्या पिढीवर पाणी सोडतं. म्हणून नियम पक्का: वर्ड काही सेव्ह न करता बंद करा, ‘बॅकअप ऑफ’ फाइल आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि मग ती कॉपी वर्डमधून उघडा. फोल्डरमध्ये दुप्पट फाइली दिसतात म्हणून अनेकजण ही सोय बंद करतात. तेवढी गर्दी सोसायला हवी.

विंडोजची फाइल हिस्टरी

घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या विंडोज मशीनसाठी हे आमच्या मते सर्वांत मोलाचं फुकट साधन, आणि सर्वांत दुर्लक्षितही. बाहेरची डिस्क जोडायची, कंट्रोल पॅनेलमधल्या ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’मध्ये ‘फाइल हिस्टरी’ चालू करायची. बदललेल्या फाइलीची वेगळी प्रत दर तासाला, तारीख-वेळेसह त्या डिस्कवर जाते. वर्ड असो, नोटपॅड असो, कुठल्याही प्रोग्रॅमची फाइल चालते. चालू केल्यावर लगेच ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जाऊन तासाचं १० मिनिटं करा. तासाभराच्या अंतरात फाइल दोनदा बदलून बिघडली तर मधली अवस्था कुठेच नोंदली जात नाही. किती काळ ठेवायचं याचं मूळ सेटिंग ‘कायम’ आहे. डिस्क लहान असेल तर ‘जागा लागेपर्यंत’ हा पर्याय बरा.

त्रुटी स्पष्ट सांगायला हव्यात. ती फक्त डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स यांसारखे ठरावीक फोल्डर आणि लायब्ररी (अनेक फोल्डर एकत्र दाखवणारे विंडोजचे गट) पाहते. डी ड्राइव्हवर ‘कामं’ नावाचा फोल्डर बनवून सगळं तिथे ठेवत असाल तर त्यातलं काहीही राखलं जात नाही, आणि विंडोज ११ मध्ये असा फोल्डर थेट जोडायचं बटणच राहिलेलं नाही. तो फोल्डर एखाद्या लायब्ररीत सामील करणं हा त्यावरचा उपाय. वनड्राइव्हमधल्या ज्या फाइली फक्त ऑनलाइन आहेत त्याही राखल्या जात नाहीत. आणि फाइलींच्या नावात जोडलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, स्थानिक घड्याळाची नव्हे; हे ध्यानात नसलं की ‘दुपारची प्रत’ म्हणून भलतीच उघडली जाते.

परत आणताना आणखी एक खड्डा आहे. फाइल हिस्टरीच्या खिडकीतलं मधलं गोल बटण दाबलं की जुनी फाइल मूळ जागी परत येऊ लागते आणि तिथली सध्याची फाइल बदलायची का असं विंडोज विचारतं. घाईत ‘हो’ म्हटलं की आज सकाळपासून केलेलं कामही गेलं. त्याऐवजी फाइलीवर उजवं क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ निवडा आणि वेगळा फोल्डर द्या.

फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधला ‘प्रिव्हियस व्हर्जन्स’ हा टॅब फाइल हिस्टरीच्या प्रती दाखवतोच, शिवाय रिस्टोअर पॉइंटच्या वेळी, म्हणजे विंडोज स्वतःची अवस्था नोंदवून ठेवतं तेव्हा, घेतलेल्या ड्राइव्हच्या प्रती (शॅडो कॉपी) दाखवतो. म्हणून फाइल हिस्टरी कधीच चालू केली नसली तरी हा टॅब एकदा उघडून पाहावा. एखाद्या विंडोज अपडेटच्या आधी आपोआप घेतलेली प्रत तिथे सापडू शकते. त्यासाठी त्या ड्राइव्हचं ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू असावं लागतं. मात्र शॅडो कॉपी त्याच डिस्कवर असते आणि जागा कमी पडली की सर्वांत जुनी आपोआप काढली जाते, तेव्हा मिळाली तर घ्यावी, विसंबू नये. इथेही ‘रिस्टोअर’ नको, ‘ओपन’ करून वेगळ्या नावाने सेव्ह करा.

मॅकवर

इथे दोन स्वतंत्र सोयी आहेत आणि दोन्ही उत्तम. २००७ साली आलेलं टाइम मशीन शेवटच्या २४ तासांच्या ताशी प्रती, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या प्रती डिस्क भरेपर्यंत ठेवतं. परत आणताना त्याच नावाची फाइल दिसली तर ‘कीप बोथ’ हा पर्याय समोर येतो, तोच घ्या. डिस्क जोडलेली नसतानाही ते मशीनवरच ताशी स्नॅपशॉट घेतं आणि साधारण २४ तास राखतं, त्यामुळे बाहेर गेलेला लॅपटॉपही अगदीच उघडा पडत नाही.

दुसरी सोय २०११ पासूनची ‘व्हर्जन्स’. पेजेस, नंबर्स, टेक्स्टएडिट, प्रिव्ह्यू अशा प्रोग्रॅममध्ये ‘फाइल’, ‘रिव्हर्ट टू’, ‘ब्राउज ऑल व्हर्जन्स’ केलं की जुन्या अवस्था शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यातून एखादा परिच्छेद कॉपी करून आणता येतो. पूर्ण फाइल मागे न नेता हवं तेवढं उचलणं हे इथे जितकं सोपं आहे तितकं दुसरीकडे क्वचितच. मर्यादा दोन: प्रोग्रॅमने ही सोय स्वीकारलेली असावी लागते, आणि जुन्या अवस्था त्या डिस्कवरच राहतात. फाइल पेन ड्राइव्हवर टाकली की तिचा इतिहास मागेच राहतो.

क्लाउड: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, पण इतिहास असेल तर

नुसतं सिंक हे ओव्हरराइटपुढे निरुपयोगी, किंबहुना घातकच; चुकीची फाइल काही सेकंदांत सगळीकडे पोचवतं. क्लाउडची किंमत त्याच्या व्हर्जन हिस्टरीत आहे.

वनड्राइव्हवरची ऑफिस फाइल ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘व्हर्जन हिस्टरी’ इथून मागे नेता येते. वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. शेअरपॉइंटवर मूळ सेटिंग ५०० मुख्य आवृत्त्यांचं असतं. जुनी आवृत्ती परत आणली की सध्याची नष्ट होत नाही, तीही यादीत राहते, त्यामुळे इथे निर्धास्तपणे करून पाहता येतं. सशुल्क मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर अख्खं वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला नेता येतं. एखाद्या प्रोग्रॅमने शेकडो फाइली एकदम बिघडवल्या तर हीच गोष्ट वाचवते.

पण याच वनड्राइव्हसोबत ‘ऑटोसेव्ह’ येतं, आणि ओव्हरराइटच्या किती तरी तक्रारींचं मूळ तेच आहे. मागच्या महिन्याचं पत्रक उघडायचं, आकडे बदलायचे आणि शेवटी ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव द्यायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. ऑटोसेव्ह चालू असताना पहिला आकडा बदलल्यापासून काही सेकंदांत मागच्या महिन्याची फाइल बदललेली असते, आणि मेन्यूत ‘सेव्ह ॲज’च्या जागी ‘सेव्ह अ कॉपी’ दिसतं. सवय उलटी करावी लागते: आधी ‘सेव्ह अ कॉपी’, मग बदल. झालेलं नुकसान व्हर्जन हिस्टरीतून भरून निघतं, पण ते लक्षात यायला हवं. पुढच्या तपासणीपर्यंत कुणी मागच्या महिन्याचं पत्रक उघडतच नाही, तोवर २५ आवृत्त्या कधीच उलटून गेलेल्या असू शकतात.

गूगल डॉक्सचा इतिहास सगळ्यांत बारीक. कुणी, केव्हा, कोणता शब्द बदलला ते रंगात दिसतं. महत्त्वाच्या टप्प्याला नाव देता येतं, डॉक्युमेंटमध्ये ४० आणि शीटमध्ये १५ पर्यंत. नाव द्याच, कारण बिननावाच्या जवळजवळच्या आवृत्त्या गूगल जागा वाचवण्यासाठी एकत्र करू शकतं. शीटमध्ये एखाद्या चौकोनावर उजवं क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ म्हटलं की त्या एका आकड्याचा प्रवास दिसतो. मात्र ‘मेक अ कॉपी’ केलेल्या फाइलीला हा इतिहास जात नाही, आणि इतिहास पाहायला संपादनाचा अधिकार लागतो.

त्याच गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड किंवा पीडीएफ फाइलीचे नियम वेगळे आहेत. तिथे जुनी आवृत्ती ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर जाऊ शकते. ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये जाऊन ‘कीप फॉरेव्हर’ केलेली तेवढी राहते. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात ३० दिवस.

स्वतःच्याच दोन मशीनमध्ये फाइली थेट सिंक करणारं सिंकथिंग हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट मनात ठसवून ठेवावी. त्यातली ‘फाइल व्हर्जनिंग’ फक्त दुसऱ्या मशीनकडून आलेल्या बदलांना लागू होते. तुम्ही स्वतःच्या मशीनवर फाइल बिघडवली तर जुनी प्रत तुमच्याकडे नाही, समोरच्या मशीनवर राहते, आणि तीही तिथे व्हर्जनिंग चालू असेल तरच. म्हणून दोन्हीकडे व्हर्जनिंगचा ‘स्टॅगर्ड’ हा प्रकार (जुन्या प्रती वयानुसार विरळ करत राखणारा) चालू ठेवा.

लिब्रेऑफिस, नोटपॅड प्लस प्लस

लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथे वर्डसारखीच बॅकअप प्रतीची खूण आहे. शिवाय ‘फाइल’, ‘व्हर्जन्स’ वापरून जुन्या अवस्था त्याच फाइलीच्या पोटात ठेवता येतात. ही सोय फक्त त्याच्या स्वतःच्या ओडीएफ फाइलींत चालते, आणि ‘सेव्ह ॲज’ करून काढलेल्या नव्या फाइलीत त्या अवस्था येत नाहीत. अख्खी फाइलच दुसऱ्या फाइलीने बदलली गेली तर पोटातला इतिहासही गेला. दुधाची तहान ताकावर, इतकंच.

नोटपॅड प्लस प्लसने मात्र हे काम फार नेटकं केलं आहे. ‘सेटिंग्ज’, ‘प्रेफरन्सेस’, ‘बॅकअप’ इथे ‘बॅकअप ऑन सेव्ह’चे तीन पर्याय आहेत. ‘सिंपल’ वर्डसारखी एकच पिढी ठेवतो. ‘व्हर्बोज’ निवडलं तर प्रत्येक सेव्हला तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ नावात असलेली नवी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये पडते. टेक्स्ट फाइली लहान असतात, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. वर्षातून एकदा तो फोल्डर हाताने साफ करावा. त्याचं ७ सेकंदांचं सेशन स्नॅपशॉट म्हणजे वर्डचं ऑटोरिकव्हर. त्याला बॅकअप समजू नये.

आधीच दार लावायचं असेल तर

जी फाइल पुन्हा पुन्हा नमुना म्हणून उघडली जाते ती साधी डॉक्युमेंट म्हणून ठेवूच नका. ‘सेव्ह ॲज’मध्ये प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडा. त्यावर डबल-क्लिक केलं की दर वेळी नवी, बिननावाची फाइल उघडते आणि मूळ नमुना बिघडायची वेळच येत नाही. एक्सेललाही तसंच टेम्प्लेट आहे. अंतिम झालेल्या वर्ड फाइलीला ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट डॉक्युमेंट’, ‘ऑलवेज ओपन रीड-ओन्ली’ लावा. एक्सेलमध्ये वर सांगितलेल्या ‘जनरल ऑप्शन्स’मध्येच ‘रीड-ओन्ली रेकमेंडेड’ आहे.

बॅकअप घेणारी स्क्रिप्ट वापरत असाल तर ती ‘मिरर’ प्रकारची आहे का ते पाहा. मिरर म्हणजे जसं इकडे तसं तिकडे: आज दुपारी बिघडलेली फाइल रात्री बॅकअपमधल्या चांगल्या फाइलीवर बसणार. रात्रीच्या मिररला निदान सात वारांचे सात वेगळे फोल्डर द्या, म्हणजे चूक लक्षात यायला आठवडा मिळतो.

आणि फाइल हिस्टरी, टाइम मशीन किंवा क्लाउड यांपैकी जे काही निवडाल, ते चालू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक बिनमहत्त्वाची फाइल घ्या, तिच्यात मुद्दाम चुकीचा मजकूर सेव्ह करा आणि कालची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून दाखवा. बाहेरची डिस्क महिनाभर जोडलेलीच नव्हती, किंवा ‘कामं’ हा फोल्डर यादीत नव्हताच, हे कळायची योग्य वेळ तीच.